‘एक करदाता’ यांना उत्तर : हिशेब लिहायला दुचाकी कशाला?

दिव्यांगांच्या नोकऱ्यांवरच्या माझ्या लेखावर ‘एक करदाता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : खाजगी कंपन्यांवर ५ टक्के दिव्यांग भरतीची सक्ती आहे हे मी लिहिलं ते चूक, तुमच्या स्वतःच्या कारखान्यात ३० माणसं आहेत, तिथे काम बघतात, दया नाही, दिव्यांगत्वाची बोगस प्रमाणपत्रं काढणाऱ्यांचा तुम्हाला राग येतो, आणि नोकऱ्यांचा हट्ट धरण्यापेक्षा सरकारने पेन्शन वाढवून विषय मिटवावा.

पहिल्या मुद्द्यावर कान पकडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३५ मी घाईत वाचलं. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. खाजगीसाठी कायदा एवढंच म्हणतो, की किमान ५ टक्के कर्मचारी दिव्यांग असावेत म्हणून सरकारने आपल्या ऐपतीप्रमाणे मालकांना प्रोत्साहन द्यावं. जर्मनीत २० किंवा जास्त नोकऱ्या असलेल्या मालकाने ५ टक्क्यांचं प्रमाण गाठलं नाही, तर न भरलेल्या जागांमागे त्याला पैसे भरावे लागतात. आपल्याकडे तसं काही नाही. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता दयेचं. माझा डावा पाय पोलिओने गेला, कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा) लावून चालतो. बी.कॉम. झाल्यावर हिशेबनीसाच्या जागा शोधत होतो; टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, चांगलं यायचं. जाहिरातींत हमखास एक ओळ असायची, ‘स्वतःची दुचाकी व परवाना आवश्यक’. एका ठिकाणी धीर करून विचारलं, हिशेब लिहायला गाडी कशाला? उत्तर आलं, आठवड्यातून एकदा बँकेत चेक भरायला जावं लागतं. त्या ऑफिसात शिपाई होता, हो. पण जाहिरात आधीच्या माणसाकडे बघून लिहिलेली, आणि त्याच्याकडे गाडी होती. (साइड व्हीलवाली स्कूटर मी आज चालवतो. तेव्हा ती घ्यायला पैसे नव्हते, कारण नोकरी नव्हती!) मी दया मागितली नव्हती, टॅलीची परीक्षा घ्या म्हणत होतो.

सरकारातही हेच, फक्त कागद जास्त. कोणतं पद दिव्यांगाला जमेल याची आधी यादी होते. १९९५ च्या कायद्याने ३ टक्के जागा दिल्या, पण खाती ते ३ टक्के यादीतल्या पदांवरच मोजायची. यादी आखूड, म्हणून जागा मूठभर. हे प्रमाण एकूण रिक्त पदांवर काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं २०१३ मध्ये, म्हणजे १८ वर्षांनी. आणि अंध व्यक्तीला न्यायाधीश होता येणार नाही हा मध्य प्रदेशचा नियम रद्द व्हायला मार्च २०२५ उजाडला. ‘जमणार नाही’ हे काम बघून ठरलं असतं तर तुमच्याशी वाद नव्हता. ते उमेदवार दारात येण्याआधीच ठरलेलं असतं.

पेन्शन वाढवा म्हणता, तर ती वाढलीही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिना २,५०० रुपये मिळतात. पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत लागतं. झेरॉक्सच्या दुकानात महिना ५,००० मिळवले की वर्षाचे ६०,०००, म्हणजे पेन्शनवर पाणी. दुकान कधी बंद पडेल सांगता येत नाही आणि पेन्शन परत सुरू करायला तहसीलच्या किती फेऱ्या, तेही सांगता येत नाही. मग माणूस काम लपवतो, नाहीतर नाकारतो. त्याला आळशी म्हणायच्या आधी हा हिशेब तुम्हीच करून बघा, व्यावसायिक आहात.

बोगस प्रमाणपत्रवाल्यांवरचा तुमचा राग मात्र माझाही आहे. त्यांनी खाल्लेली जागा तुमच्या रांगेतली नव्हती, आमच्या रांगेतली होती.

एक राहिलं. २०१६ च्याच कायद्याचं कलम २१ आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने (कंपनी, कारखाना, ऑफिस) समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर दिव्यांगांना योग्य पदं कोणती हेही त्यात लिहायचं असतं. तुमच्याकडे ३० आहेत. धोरण नसेल तर कळवा, मसुदा करायला बसू. आणि पुढची भरतीची जाहिरात छापण्याआधी इथे खाली टाका, दुचाकीची ओळ आहे का ते बघतो.