शेंद्र्यात जोडलेली गाडी कमी का ठरावी?

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एका जुन्या गाडीवरून रण पेटलंय. जालन्याचा माझा मावसभाऊ, सळईच्या धंद्यातला, सेकंड हँड स्कोडा ऑक्टाव्हिया घ्यायला निघालाय. एजंटानं दोन गाड्या दाखवल्या आणि त्यातल्या एकीचे जास्त पैसे सांगितले. का, तर ती म्हणे थेट बाहेरून आलेली आहे, शेंद्र्यात जोडलेली नाही. "दादा, तू जर्मनीत राहतोस, तूच सांग. तिकडच्या गाडीचा पत्रा वेगळा असतो का नाही?" असं त्यानं विचारलं आणि काका, आत्या, पुतणे सगळेच मैदानात उतरले. त्यात एका काकांनी लिहिलं, "आपल्या पोरांच्या हाताला ती सफाई नाही."

पत्र्याचं पुढे बोलू. पण काकांचं ते वाक्य मला लागलं, आणि त्याचं उत्तर चार ओळींच्या मेसेजात मावणारं नाही.

आधी शेंद्र्याचं. स्कोडानं छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत 2001 मध्ये ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली. तयार मोटार आयात केली की जबर कर पडतो, सुटे भाग आणून भारतात जोडले की बराच कमी. म्हणून ही व्यवस्था. पुढे त्याच आवारात ऑडीच्या गाड्याही जोडल्या गेल्या. ऑक्टाव्हिया आरएस 245 सारख्या मोजक्या आयात गाड्या सोडल्या, तर भारतात विकल्या गेलेल्या बहुतेक ऑक्टाव्हिया शेंद्र्याच्याच. तेव्हा एजंट ज्या फरकाचे पैसे मागतोय, तो फरक त्या दोन गाड्यांत बहुधा नाहीच. आणि गेली वीस-बावीस वर्षं पुण्या-मुंबईचे लोक ज्या गाड्यांचं दार लावल्यावरचा दणकट आवाज ऐकून खूश होतात, त्यांतल्या कितीतरी गाड्यांची दारं आपल्या जालना रोडवरच्या पोरांनी बसवली आहेत, हे काकांना सांगायला हवं.

आता जर्मनी. इथे राहायला आलो की सगळं जर्मनच असेल असं वाटतं, पण रस्त्यावर तसं काही नसतं. पोर्शची केयेन पूर्णपणे स्लोव्हाकियात, ब्रातिस्लाव्हात तयार होते. चेसीस नंबर मात्र जर्मनीच्या डब्ल्यूनं सुरू होतो. ऑडीची कितीतरी इंजिनं हंगेरीतल्या ग्यॉर शहरातून येतात, ऑडीची क्यू5 मेक्सिकोतून येते. बीएमडब्ल्यूच्या एक्स5 ची लाईन अमेरिकेत स्पार्टनबर्गला आहे. शेजारीपाजारी या गाड्या घेताना कुणी देश विचारत नाही. आणि उलटंही बघा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एन्ड्युरन्स कंपनीचे जर्मनीत आणि इटलीत कारखाने आहेत, तिथे मोटारींसाठी ॲल्युमिनियमचे ओतीव भाग बनतात. म्हणजे इथल्या एखाद्या युरोपियन गाडीच्या पोटातल्या भागाची मालकी वाळूजकडे असू शकते.

ज्या 'मेड इन जर्मनी'वर आपण एवढा विश्वास टाकतो, तो शिक्काच मुळात बदनामीसाठी जन्मला. 1887 मध्ये ब्रिटननं कायदा करून जर्मन मालावर देशाचं नाव छापणं भाग पाडलं, कारण तो माल हलका समजला जायचा आणि गिऱ्हाईक सावध व्हावं अशी इच्छा होती. जर्मन कारखानदारांनी माल सुधारला आणि काही वर्षांतच त्याच शिक्क्याचा मान झाला. हात तेच होते, माणसं तीच होती.

हेच आणखी स्पष्ट दिसतं ते कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना 1982 मध्ये बंद पडला. कामगारांची गैरहजेरी, संप, भांडणं, आणि बाहेर पडणाऱ्या गाड्यांत दोषच दोष. लाईन काही झालं तरी थांबवायची नाही, असा नियम होता. चुकीचा भाग बसला तरी गाडी पुढे जायची. 1984 मध्ये टोयोटानं जनरल मोटर्सबरोबर भागीदारीत तोच कारखाना नुम्मी या नावानं पुन्हा उघडला. बहुतेक कामगार जुनेच घेतले, युनियनही तीच ठेवली. शेकडो लोकांना जपानला नेऊन काम दाखवलं आणि लाईनवरच्या प्रत्येकाला दोरी ओढून लाईन थांबवायचा अधिकार दिला. थोड्याच काळात तिथली गाडी जपानमधल्या टोयोटाच्या तोडीला आली. ज्यांना सगळे 'वाया गेलेले' म्हणत होते, त्याच माणसांनी ती बनवली. पुढे त्याच छपराखाली टोयोटा कोरोला आणि जनरल मोटर्सची जिओ प्रिझम अशा जवळजवळ जुळ्या गाड्या निघायच्या, तरी जुन्या बाजारात टोयोटाच्या बिल्ल्याला जास्त भाव मिळायचा. जालन्याचा एजंट तोच भाव मागतोय.

काका, हाताला सफाई कारखान्याची पद्धत देते. टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरल्या जोरानं आवळणारा पाना, वेळच्या वेळी तपासला जातो का, वेल्डिंग करताना भाग जागेवर धरणाऱ्या जिगची झीज कुणी मोजतं का, व्हेंडरकडून आलेला लॉट खराब निघाला तर सुपरवायझर तो परत पाठवतो की टार्गेटसाठी खपवतो. कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा चार महिन्यांत बदलत असेल तर कुठल्याही देशात काम कच्चंच राहणार.

आता पत्रा. बाहेरचा पत्रा जर्मनीतही साधारण पाऊण मिलिमीटरच असतो. तो बोटानं दाबून गाडीची ताकद कळत नाही. आपलं जुनं माळवदाचं घर खांब-तुळयांवर उभं असतं, गिलाव्यावर नाही, गाडीचंही तेच. दारांमधला खांब, खालची पट्टी, छताच्या कडा यांत खरं पोलाद असतं. भाऊ सळई विकतो म्हणून त्याच्याच हिशेबात सांगतो. त्याच्या एफई 500 सळईच्या नावातला 500 हा आकडा म्हणजे सळई कायमची वाकायला लागते ते बळ, मेगापास्कलमध्ये. गरम साच्यात दाबून घडवलेल्या बोरॉन पोलादाचं तेच बळ हजाराच्या आसपास असतं आणि तुटण्याचं 1,500 च्या घरात. असं पोलाद गाडीत कुठे आणि किती घालायचं, हे आराखडा करणारे आणि किंमत ठरवणारे लोक ठरवतात. लाईनवरच्या पोराच्या हातात ते नसतं.

मला खरा राग येतो तो इथे. जानेवारी 2014 मध्ये गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्या धडकवून बघितल्या. चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो एअरबॅगशिवाय शून्य तारे घेऊन आली, आणि तीच गाडी दोन एअरबॅग घालून चार तारे घेऊन आली. कारखाना एक, पत्रा एक, कामगार तेच. सांगाडा तर तपासणीत टिकला होता. कमी होतं ते गिऱ्हाइकाच्या जिवाला दिलेलं मोल. कंपनीनं नंतर बिनएअरबॅगची पोलो बंद केली. युरोपात गाडी घसरू न देणारी ईएससी यंत्रणा प्रत्येक नव्या मोटारीत 2014 अखेरपासून सक्तीची आहे. आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची व्हायला जुलै 2019 उजाडला. सहा एअरबॅगच्या सक्तीची घोषणा झाली, पुढे ढकलली गेली आणि 2023 मध्ये मागे पडली. तरी तारे देणारी आपली स्वतःची चाचणी, भारत एनकॅप, त्याच वर्षी सुरू झाली, लोक तारे विचारू लागले आणि 2025 मध्ये मारुतीच्या छोट्या ऑल्टो के10 लाही सहा एअरबॅग मिळाल्या. समृद्धीवर 120 च्या वेगानं जाणाऱ्या माणसाला गाडी कुठल्या देशातली हे कळून उपयोग नाही, तिचे तारे किती हे कळलं पाहिजे.

इथल्या व्यवस्थेतली एक गोष्ट मात्र मी उचलून मराठवाड्यात नेली असती. जर्मनीत नवी गाडी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी तपासणीला न्यावीच लागते. ब्रेक, टायर, सस्पेन्शनचे बुश, दिवे, खालच्या भागाचा गंज, सगळं बघतात आणि नापास केलं तर दुरुस्त करूनच परत आणायचं. आपल्याकडे खासगी मोटारीला पीयूसी पुरते, खरी तपासणी पंधरा वर्षांनी. मग बीड रोडवर टायरमधल्या तारा दिसत असलेली गाडी पळते आणि अपघात झाला की आपण म्हणतो, गाडीच हलकी होती. 'जर्मन गाडी टिकते' यामागे ही सक्ती फार मोठी आहे.

सगळं जर्मनीचंच घ्या असंही नाही. इथल्या गाड्यांना हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ खातं, म्हणून गंजरोधाला इतकं महत्त्व. आपल्याकडे 42-43 अंशांचं ऊन, धूळ, बोअरचं क्षारांचं पाणी. एसीची ताकद, एअर फिल्टर, जमिनीपासूनची उंची हे आपल्या हवेसाठी केलेलं असलं तर 'बाहेरच्या' गाडीपेक्षा आपल्याकडे जोडलेलीच बरी. भावानं सर्व्हिसचा इतिहास मागावा, गाडी कधी ठोकली होती का ते डेंटिंगवाल्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावं, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स बघावा. देशाच्या नावाचे जादा पैसे देऊ नयेत.

आणि काकांसाठी एक. टोयोटानं 31 जुलै 2024 रोजी महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार केला, छत्रपती संभाजीनगरला सुमारे 20,000 कोटींच्या कारखान्याचा. फ्रीमाँटच्या 'वाया गेलेल्या' माणसांकडून कोरोला बनवून घेणारी हीच ती कंपनी. कर्नाटकात बिडदीला तिनं 2007 पासून खेड्यातल्या गरीब मुलांसाठी तीन वर्षांची निवासी प्रशिक्षण संस्था चालवली आहे. तशी संस्था कारखाना जिथे येणार त्या बिडकीनला हवी, लाईन सुरू व्हायच्या आधी हवी, आणि तिच्यात पैठण, गंगापूर, अंबडच्या मुला-मुलींना जागा राखून हव्यात. जमिनी दिलेल्या घरांतली पोरं फक्त सिक्युरिटीत आणि लोडिंगला लागणार असतील तर आतापासून आमदारांना, एमआयडीसीला जाब विचारायला हवा. काका, तुमच्या ओळखी आहेत. तो अर्ज तुम्हीच लिहा, सही करायला मी तयार आहे.