सहामाहीला डेंग्यू कसा आणावा

पालकहो, ऑक्टोबर आला. घामाच्या धारा, गरब्याचे स्पीकर आणि बारावीची सहामाही या तिन्ही गोष्टी मुंबईत एकदमच येतात. तिन्हींवर आपला काही इलाज नाही, असं इतकी वर्षं मी धरून चालले होते. गेल्या सोमवारी कळलं की तिसरीवर आहे. ए-फोर कागदावर मिळतो, खाली गोल शिक्का असतो आणि सही अशी असते की ती डॉक्टरांची आहे यावर कुणीही विश्वास ठेवावा.

मी एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. २२ वर्षं झाली. कॉलेजचं नाव सांगत नाही, दादर आणि ठाण्याच्या मधे कुठंतरी आहे एवढं पुरे. इतक्या वर्षांत सहामाहीची जी काही तयारी बघितली, ती गाठीशी घेऊन मरण्यापेक्षा चार पालकांच्या उपयोगी पडावी म्हणून हा लेख.

सुरुवात आजारापासून करू. आजार निवडताना घाई करू नका. साधा ताप कुचकामी, त्याला दोन दिवसांच्या वर भाव नाही. कावीळ भारदस्त आहे, पण ती दिवाळीपर्यंत रेंगाळते आणि मग चकल्या खाताना पंचाईत होते. डेंग्यू सगळ्यांत बरा. सीझनचा आहे, पावसाळा संपता संपता मुंबईत त्याच्यावर कुणी शंका घेत नाही, आणि 'प्लेटलेट्स' हा शब्द काढला की समोरची बाई आपोआप गप्प बसते. पथ्य एकच. पेपरच्या दिवशी पेशंट घरात ठेवायचा.

हे पथ्य पाळलं नाही तर काय होतं ते ऐका. शुक्रवारी माझा पेपर होता, ११ ते १. एक मुलगा गैरहजर. दीड वाजता मी झेरॉक्स काढायला खाली उतरले. आमच्या गेटसमोर रस्ता ओलांडला की मिठाईवाला, त्याच्या डोक्यावर दोन मजले क्लास, आणि खाली फुटपाथवर फ्रँकीची गाडी. तिथे आमचा पेशंट उभा. पाठीला क्लासची निळी बॅग, हातात शेजवान चीज फ्रँकी, मेयोनीज मनगटापर्यंत ओघळलेलं. मला बघून त्यानं आधी घास गिळला, मग फ्रँकीचा हात पाठीमागे नेला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "गुड आफ्टरनून, मॅम." संस्कारांना मी नावं ठेवणार नाही.

सोमवारी वडील आले, सर्टिफिकेट प्लास्टिकच्या फोल्डरात घालून. "मॅडम, डेंग्यू. प्लेटलेट्स एकदम डाउन." मी म्हटलं, शुक्रवारी मला खाली भेटला होता. गृहस्थ तसूभरही हलले नाहीत. म्हणाले, "मग व्हायरल असेल." आणि मग जरा पुढे वाकून, आपण दोघं एकाच घरातले असल्यासारखे, "मॅडम, तुम्हाला तर माहीतच आहे. त्याची टेस्ट सिरीज होती. ती रिपीट होत नाही ना."

माझी होते. माझा पेपर म्हणजे डोंबिवली लोकल. ही सुटली तर मागून दुसरी येतेच.

तर दुसरी गोष्ट, क्लास. हा बहुतेकांनी आठवीतच लावलेला असतो, त्यामुळे सांगण्यासारखं थोडंच आहे. अकरावीला ऑनलाइन प्रवेशाच्या वेळी कॉलेज कसं निवडायचं, तर जे कमीत कमी त्रास देईल ते. इंटिग्रेटेड, म्हणजे क्लास-कॉलेजचं आपसात साटंलोटं, असेल तर सोन्याहून पिवळं. फी एकदाच भरायची, मूल सकाळी क्लासला जातं आणि हजेरी कॉलेजात लागते. आईन्स्टाइननं दोन ठिकाणी एकाच वेळी असण्याचं काही जमवलं नव्हतं, आमच्याकडे रोल नंबरनिहाय जमतं. २०१८ साली सरकारनं सायन्सच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरी आणली. मुलांनी कॉलेजात यावं हा हेतू. आली की. सकाळी अंगठा टेकवायला यायची आणि मशिन 'पीप' म्हणेपर्यंत गेटबाहेर असायची. मग जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या की १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये आणि शाळा-कॉलेजच्या वेळात त्यांचे वर्ग भरवू नयेत. त्या वाचून मी स्टाफरूमच्या खिडकीतून समोर बघितलं. आठवीच्या 'फाउंडेशन'ची बॅच सुटत होती.

मोबाइल काढून घ्या. क्लासचे सगळे व्हिडिओ त्याच मोबाइलवर आहेत, ते नंतर बघू.

पालकांच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला "मॅम, पोर्शन काय आहे?" असं विचारायला विसरू नका. पोर्शन जूनपासून नोटीसबोर्डावर आहे, ही सबब होऊ शकत नाही.

बदाम, अक्रोड, ब्राह्मी, दही-साखर. हे सगळं पेपराच्या दिवशी सकाळी एकदम.

गरब्याचे स्पीकर बंद करायला सांगू नका, सोसायटीचे चेअरमन तुम्हीच आहात.

आता पेपर लिहिण्याबद्दल. मुलानं आमचा पेपर लिहिलाच, तर तो पर्याय निवडल्यासारखा लिहावा. 'दोरीला बांधलेला दगड उभ्या वर्तुळात फिरत आहे, सर्वांत खालच्या बिंदूपाशी त्याचा किमान वेग काढा', तीन मार्क. उत्तर म्हणून एकच ओळ, 'रूट फाइव्ह आरजी', भोवती चौकट, चौकटीला दोनदा गिरवलेलं. कुठून आलं विचारलं की, "मॅम, फॉर्म्युला आहे." पाच कुठून आला रे? चार का नाही? तेही फॉर्म्युल्यातच आहे. यंदा एका मुलीनं 'सिद्ध करा' या प्रश्नाला '(ब)' असं उत्तर लिहिलंय. तिचा पेपर मी बाजूला ठेवलाय. मार्क देता येत नाहीत, पण त्या कंसातल्या अक्षराचा आत्मविश्वास बघून लाल पेनही उचलवत नाही.

बोर्डाच्या फिजिक्समध्ये ७० मार्कांची लेखी आणि ३० मार्कांचं प्रॅक्टिकल असतं. त्या ७० पैकी पर्यायांचे मार्क फक्त १०. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. क्लासवाले सांगणार नाहीत, त्यांच्या बॅनरवर या आकड्यांना जागा नसते.

आणि जर्नल. जर्नल आईनं लिहावं. बाहेर पैसे देऊनही लिहून मिळतं, पण आईच्या अक्षराला जी माया असते ती विकतच्या अक्षराला येत नाही. ग्राफ मागच्या वर्षीच्या मुलीकडून घ्यावा, रोल नंबरवर व्हाइटनर लावावा आणि वाळू द्यावा. घाईत मिटलं की पानं चिकटतात. गेल्या मंगळवारी असंच एक जर्नल माझ्यासमोर आलं. त्याच मुलाचं, डेंग्यूवाल्याचं. व्हायरल म्हणूया. चिकटलेली पानं मी पट्टीनं सोडवली, तर मीटर ब्रिज आणि रेझोनन्स ट्यूब या दोन प्रयोगांच्या मधोमध एक कागद. तूरडाळ २ किलो, हिंग, पोहे जाडे, गॅसवाल्याला फोन, बाळूची फी. अक्षर तेच. वेलांटीला तोच झोका. मीटर ब्रिजपेक्षा यादी जास्त नीट होती, खरं सांगायचं तर.

पुढचं पान उलटलं. रेझोनन्स ट्यूब, म्हणजे पाण्याच्या नळीवर ट्यूनिंग फोर्क धरून आवाजाचा वेग काढायचा प्रयोग. निष्कर्ष, हवेतला आवाजाचा वेग ३४ मीटर प्रतिसेकंद. मी त्याला विचारलं, हे बरोबर वाटतं का? "मॅम, पॉइंट इकडेतिकडे झाला असेल." म्हटलं, ताशी किलोमीटरमध्ये कर. केलं पठ्ठ्यानं, तोंडी, दोन सेकंदांत. १२२ आणि काहीतरी. म्हटलं, राजधानी ताशी १३०ने धावते. म्हणजे तू फलाटावर उभा असशील तर आधी इंजिन समोरून जाईल आणि मग त्याचा भोंगा ऐकू येईल. तो हसला. लगेच हसला, समजवावं लागलं नाही. मग हसू आवरून, आवाज खाली आणून म्हणाला, "मॅम, ती ट्यूब कुठे असते?"

कुठे असते! बारावीचं पहिलं सत्र संपलं. लॅब त्याच्या वर्गाच्या वरच्या मजल्यावर. आणि पोरगं विचारतंय ट्यूब कुठे असते.

नेलं त्याला. ५१२ हर्ट्झचा फोर्क रबरावर आपटायला सांगितला, तर टेबलाच्या कडेवर आपटायला निघाला. नळीच्या तोंडाशी फोर्क आणि हळूहळू पाण्याची पातळी खाली. १० सेंटिमीटर, काही नाही. १३, काही नाही. १६च्या आसपास नळी एकदम गायला लागली. भरून आल्यासारखा आवाज असतो तो, २२ वर्षं ऐकतेय तरी मला दर वेळी बरं वाटतं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे!" मॅमला 'अरे' म्हणालो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. मग फोर्क स्वतः घेतला. पुन्हा केलं. दुसरा फोर्क लावला तर लांबी बदलेल का, असं विचारलं. करून बघ म्हटलं. केलं, बदलली, रीडिंग लिहिलं. यादीच्या कागदामागेच लिहिलं, दुसरा कागद नव्हता. ३४३ आलं. बाकावरचा मोबाइल थरथरत होता, स्क्रीनवर 'मम्मी'. तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा त्यानं उचलला. "हो. हो, निघालो. खालीच आहे." आणि बॅग उचलून गेला. लेक्चर होतं समोर, ऑब्जेक्टिव्हचं.

आता मला पुढचा सल्ला सुचत नाही. तोंड गोड बोलायला आणि पेन खोचक लिहायला बसवलं होतं, पण होत नाही. सरळच बोलते.

तुम्ही त्या मुलाला खोटं बोलायला शिकवलंत. "खालीच आहे" हे तो ज्या सहजतेनं म्हणाला, ती सहजता फोल्डरमधल्या सर्टिफिकेटातून आलीय. १७ वर्षांच्या मुलाला शेजारी उभं करून त्याचे वडील एका बाईला सांगतात की याला डेंग्यू झालाय, आणि त्या मुलाला माहीत असतं की तिनं आपल्याला फ्रँकी खाताना बघितलंय. तो सगळा वेळ बुटांकडे बघत होता. तुमचं लक्ष नव्हतं, माझं होतं.

आणि कशासाठी? "बोर्डाचे मार्क कोण बघतो, मॅडम?" बघतात. जेईई या इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेतून एनआयटीत जायचं तर बारावीला ७५ टक्के लागतात, नाहीतर बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. निकाल लागल्यावर हे शोधून काढणारे पालक मी बघितलेत. तेव्हा ते फोल्डर घेऊन येत नाहीत, पेढेही आणत नाहीत, नुसते खुर्चीत बसून राहतात. आणि तुमची ती राज्याची प्रवेश परीक्षा, एमएचटी-सीईटी? तिचा ८० टक्के अभ्यासक्रम बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा. स्टेट बोर्डाचा. म्हणजे जे पुस्तक तुम्ही रद्दीत घालायला काढलंय त्याचाच. ते वाचून घ्यायला मला सरकार पगार देतं, आणि तुम्ही रस्त्यापलीकडे लाखांनी मोजता. हे कुठलं गणित आहे?

आमचेही हात काही धुतलेले नाहीत. हजेरीपट आम्हीच भरतो. मीसुद्धा आईच्या अक्षरातल्या जर्नलांवर सह्या केल्यात, एकदोन नाही, गठ्ठे. वर्षभराचे हिशेब शेवटच्या आठवड्यात मिटवायचे असतात आणि सही करून मोकळं होणं सोपं असतं. पण सहामाही ही नापास व्हायला असते हो. १२ मार्क पडावेत, घरी बोलणी खावीत, पाच कुठून आला ते शोधावं आणि फेब्रुवारीत बोर्डाला बसावं. फुकट नापास व्हायची शेवटची जागा आहे ती, यानंतर प्रत्येक ठिकाणी पैसे पडतात. तेवढी एक जागा तुम्ही पोराकडून काढून घेता आणि वर मला पुढे वाकून सांगता की मला माहीतच आहे. मला काहीही माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की तुमच्या मुलाला फिजिक्स आवडतं, आणि हे त्याच्या घरात कुणालाही ठाऊक नाही, बहुधा त्यालाही मंगळवारपर्यंत नव्हतं.

फेरपरीक्षा येत्या गुरुवारी, सकाळी ११ वाजता, खोली क्रमांक १४. त्या दिवशी समोर टेस्ट आहे हे मला माहीत आहे, म्हणूनच तो वार घेतलाय. मुलाला एकट्याला पाठवा. सर्टिफिकेट परत न्यायचं असेल तर ऑफिसात आहे. वाणसामानाची यादी मात्र देत नाही, मागे रीडिंगं आहेत. तूरडाळ २ किलो, हिंग, पोहे जाडे, आणि बाळूची फी राहिलीय.