हरकत घ्या, पण रीतसर

आपल्या मुलुंडात स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या प्लॉटला जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या जास्त पट बांधकाम, देण्याची नोटीस निघालीच, तर घाबरून जाऊ नका. नगररचना कायद्याखाली असा फेरबदल करायचा तर हरकती-सूचनांसाठी महिनाभर द्यावा लागतो. कायदा 1966 चा, तुमची सोसायटीही साधारण त्याच वयाची.

पहिल्याच रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडा आणि बटाटेवडे मागवा, म्हणजे कोरम भरतो. भाषणाची सुरुवात आजोबांपासून करा. ते इथे आले तेव्हा नुसती भातशेती आणि मिठागरं होती, रात्री कोल्हेकुई ऐकू यायची वगैरे. इथेच थांबा. त्या भातशेतीवर तुमची चार मजली इमारत उभी राहताना गावकऱ्यांना काय वाटलं असेल, याचा उल्लेख नको.

मग अर्ज. पाणी आणि ड्रेनेज हे मुद्दे खरेच आहेत, म्हणून त्यांना दोन ओळी पुरेत. जोर द्यायचा तो लोकलच्या गर्दीवर. लिहा की टॉवर झाला तर आठ-दहाच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा राहणार नाही. टॉवर झाला नाही तर ती माणसं घरीच बसणार आहेत, अशा थाटात लिहा. मुलुंडमध्ये घर न मिळालेला माणूस त्याच लोकलला बदलापूरला चढतो आणि तुम्ही चढायला जाता तेव्हा दारात लटकलेला असतो. तेव्हा त्याला शिव्या घालता येतात, ही वेगळी सोय.

पार्किंगचा मुद्दाही घ्याच. स्टेशन पाच मिनिटांवर असून तुमच्या दोन गाड्या का, असं कोणी विचारणार नाही. विचारणारा भाडेकरू असेल आणि भाडेकरूंना मीटिंगला बोलवायचं नसतं.

आता नाजूक भाग. तुमची स्वतःची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. तिथे जादा एफएसआय हा आपला हक्क असतो. मुंबईच्या बांधकाम नियमावलीतल्या 33(7)(बी) खाली दर घरामागे निदान 10 चौरस मीटर जास्तीचं बांधकाम मिळतं. कमिटीने बिल्डरकडे कॉर्पस म्हणजे एकरकमी निधी, भाडं, शिफ्टिंगचा खर्च सगळं मागितलंय, वर मजले वाढवले तरी चालतील असंही सुचवलंय. समोरच्या प्लॉटला मात्र हाच एफएसआय मिळाला की तो बिल्डरधार्जिणेपणा. दोन्ही फायली एकाच कपाटात असल्या तरी चालेल, फक्त एकाच मीटिंगला काढू नका.

कोणी कच खाल्ली तर 2015 ची आठवण द्या. त्या वर्षीच्या मुंबईच्या विकास आराखड्याच्या मसुद्यात काही स्टेशनांभोवती एफएसआय थेट 8 पर्यंत नेला होता. एवढा गदारोळ झाला की दोन-तीन महिन्यांत सरकारने मसुदाच रद्द केला. त्यात चुकांचा ढीग होता, हेही त्याचं एक कारण. पण आपल्या भाषणात तो विजय निव्वळ जनतेचा.

मावशींचं काय, असा प्रश्न एखादी सूनबाई विचारेल. मावशी टिटवाळ्याहून येतात, पाच चाळीसची पकडतात, गाडी रखडली की आपली भांडी तशीच. आणि नव्या टॉवरमधला वन बीएचकेही कोटीच्या घरात जाणार, मावशींना त्यातलं काही मिळायचं नाही. हा मुद्दा सगळ्यांत खरा. म्हणूनच तो अर्जात घालू नका. घातलात, तर कोणीतरी उलट विचारेल, की मग स्टेशनाजवळ छोटी, स्वस्त घरं बांधायला तुमची संमती धरायची का?

शेवटी सह्या. आकडा मोठा दिसला पाहिजे, म्हणून धाकट्याचीही घ्या. तो रविवारी जेवायला येतोच. इथला भाव परवडला नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी बदलापूरला गेला. सूनबाई नातवाला खांद्यावर टाकून चपला शोधत असतात, नऊची गेली तर पुढचीला फार गर्दी असते. उभ्या उभ्या पेन द्या. तो न वाचता सही करेल. पत्त्याच्या रकान्यात स्वतःचा लिहायला लागला तर हळूच हात धरा आणि इथलाच घाला म्हणावं.