तपासणीसाठी विंडोज लागत नाही, आणि फॉरमॅट तर मुळीच नाही

मिरजेहून मावशीचा फोन आला. "अरे, लॅपटॉप सुरूच होईना. दुकानदार म्हणतो, आधी फॉरमॅट मारू, मग बघू काय बिघडलंय ते. आमच्या ग्रुपवर पण तसंच आलंय." तो मेसेज मी मागवून घेतला: ‘विंडोज चालत नसेल तर हार्डवेअर तपासता येत नाही. बीप वाजली की मदरबोर्ड गेला. आधी फॉरमॅट करून नवं विंडोज टाका, मगच तपासा. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं तर डेटा उडतो.’ त्या लॅपटॉपात मावशीच्या मसाल्यांच्या धंद्याचा सहा वर्षांचा हिशेब आहे. त्यामुळे माझं डोकं फिरलं.

सगळ्यात घातक म्हणजे ते ‘आधी फॉरमॅट’. विंडोज सुरू न होण्याचं एक नेहमीचं कारण असतं खराब होत चाललेली डिस्क. विस्टा या विंडोजच्या आवृत्तीपासून पुढे पूर्ण फॉरमॅट केलं की विंडोज अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितं. क्विक फॉरमॅट, म्हणजे शून्यं न लिहिता झटपट केलेलं फॉरमॅट, केलं तरी नवं विंडोज कित्येक जीबी जागा घेतं, आणि ते जुन्या फायलींच्या जागेवरच लिहिलं जाऊ शकतं. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास मांडला. डिस्कमध्ये पहिली स्कॅन एरर (पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) दिसली की पुढच्या ६० दिवसांत ती बंद पडण्याची शक्यता, एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. अशा डिस्कवरून आधी डेटा काढायचा असतो, आणि हे लोक तिच्यावर नवं काहीतरी लिहायला सांगतात!

आता ‘विंडोजशिवाय तपासता येत नाही’. बटण दाबल्यावर कंपनीचा लोगो दिसतो तेव्हा विंडोज कुठे सुरू झालेलं असतं? तो मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम असतो आणि रॅम, कीबोर्ड वगैरेंची पहिली चाचणी तोच घेतो. बऱ्याच लॅपटॉपांत पुढची तपासणीही तयार असते: डेलमध्ये एफ१२ दाबून येणाऱ्या मेनूत, एचपीत एफ२ने, लेनोवोच्या थिंकपॅडमध्ये बहुधा एफ१०ने, इंटेलच्या मॅकवर ‘डी’ दाबून धरून. रॅमच्या बाबतीत तर विंडोज नसलेलंच बरं, कारण चालू विंडोज स्वतःच रॅममध्ये बसलेलं असतं. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून थेट चालतो आणि जवळजवळ सगळी रॅम तपासतो. रात्रभर चालू ठेवा, एका फेरीवर विसंबू नका.

मावशीला फोनवरूनच बटण सांगितलं. मदरबोर्ड पास, रॅम पास, हार्डडिस्क नापास. रविवारी मिरजेला गेलो, पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) सुरू केलं आणि डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद स्मार्टसीटीएल या प्रोग्रामने पाहिली. १९७ क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे वाचता न येणाऱ्या संशयित सेक्टरांच्या (डिस्कच्या छोट्या कप्प्यांच्या) मोजणीत, आकडा शून्य नव्हता. डीडीरेस्क्यू या खराब डिस्कमधून डेटा काढणाऱ्या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली. हिशेब सापडला.

बीपबद्दल एवढंच: तिचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, आणि पुष्कळदा दोष फक्त सैल बसलेल्या रॅमचा असतो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. अशा तपासणीत सगळं सापडतंच असं नाही. ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला हार्डवेअर चालवायला लागणाऱ्या प्रोग्रामचा, घोळ विंडोजमध्येच कळतो. गूगलच्या त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांत डिस्कच्या स्वतःच्या नोंदीतल्या मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही दिसला नव्हता. म्हणजे ‘पास’ आलं तरी बॅकअप हवाच.

आणि पेन ड्राइव्ह. नुसतं त्यावरून मशीन सुरू केल्याने आतल्या फायली जात नाहीत. ‘इन्स्टॉल’ दाबलं तर जाऊ शकतात. जपायचं ते बिटलॉकरला, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीला. तो चालू असेल तर सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सेटिंग) बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं, आणि लिनक्समधूनही त्या कीशिवाय फायली उघडत नाहीत. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून आधी ती उतरवून घ्या, मगच सेटिंगला हात लावा.