कौलांचा दोष मे महिन्यात दिसत नाही

आमच्या कोकणातल्या घराच्या माजघरात एकाच जागी सलग तीन पावसाळे पाणी ठिबकत होते, आणि आम्ही सलग तीन मे महिने त्या जागेच्या बरोबर वरची कौले बदलत होतो. चौथ्या वर्षी गणपतीला गेलो असताना जोराची सर आली, तेव्हा मी बॅटरी घेऊन माळ्यावर चढलो. पाणी ठिबकण्याच्या जागेपासून सात-आठ फूट वर शिरत होते. तिथे एक कौल रिपेवरून, म्हणजे ज्या आडव्या लाकडी पट्टीवर कौल टेकते तिच्यावरून, थोडे घसरले होते. त्या फटीतून आलेले पाणी वाशाच्या, म्हणजे छपराच्या उतरत्या लाकडाच्या, पोटाला चिकटून उताराने खाली येत होते आणि वाशाला जिथे गाठ होती तिथे थेंबाथेंबाने सुटत होते. तीन वर्षांत बदललेली कौले सगळी धड होती, हे सांगायला नकोच.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की पुण्या-मुंबईत राहून गावचे घर सांभाळणारे आपण लोक छपराकडे चुकीच्या ऋतूत बघतो. मे महिन्यात कोरडे ठणठणीत छप्पर काहीच सांगत नाही. भिंतीवर ओघळाचा डाग दिसतो खरा, पण तो पाणी कुठे पडले ते सांगतो, कुठून आले ते सांगत नाही. म्हणून गणपतीला गेल्यावर आरतीच्या गडबडीतून अर्धा तास काढावा, माळ्यावर जाऊन ओल्या वाशाचा माग वरपर्यंत काढावा आणि पाणी जिथून आत येते तिथे खडूने ठळक फुली मारून ठेवावी. (वर कौलांवर मात्र पावसात चढू नये; शेवाळ धरलेल्या कौलावर पाय ठरत नाही.) शाकारणीला, म्हणजे कौले उतरवून पुन्हा नीट बसवायला, येणाऱ्या माणसाला ती फुली दाखवली की त्याचे निम्मे काम झालेले असते.

शाकारणी मेच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलणे ही दुसरी सवय. मृग सात-आठ जूनला लागतो, तोवर वेळ आहे, असा आपला हिशेब असतो. 2025 साली मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आला आणि 26 मे रोजी मुंबईत पोहोचला. त्याआधीच कोकणात मेघगर्जनेसह सरी सुरू झाल्या होत्या. अर्धी कौले उतरवून ठेवलेल्या घरांवर ताडपत्र्या टाकताना झालेली धावपळ ज्यांनी पाहिली, त्यांनी पुन्हा तो हिशेब करू नये. पाऊस संपल्यानंतर, भात झोडून झाले की गड्यांनाही सवड असते आणि लाकूड वाळायला पुढे सगळा हिवाळा मिळतो. शिमग्याला उरलेले बघता येते.

आता कौलांविषयी. मंगळूरला 1865 साली बासेल मिशनने कारखाना काढला, तेव्हापासून ही खाचांची कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली. शेजारच्या कौलाची कड या कौलाच्या खाचेत बसते आणि वरच्या कौलाचे टोक खालच्यावर येते, एवढ्याच युक्तीवर तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस अडतो. त्या खाचांत धूळ, शेवाळ आणि आंब्या-फणसाचा पाला साचला की पाणी तुंबते आणि कड ओलांडून आत पडते. एकही कौल फुटलेले नसते आणि घर मात्र गळत असते. अशा वेळी नवी कौले आणण्यापेक्षा जुनी उतरवून काथ्याने किंवा ब्रशने खाचा घासणे पुरते. उतरवलेले प्रत्येक कौल बोटाने वाजवून बघावे. खणखणीत वाजले तर परत चढवावे, बद्द वाजले तर त्याला बारीक तडा आहे असे समजावे.

नवी कौले आणायची वेळ आलीच, तर कौलाच्या मागच्या बाजूला उठवलेले कारखान्याचे नाव वाचून घ्यावे. सगळी कौले दिसायला सारखी असली, तरी एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसेलच असे नाही, आणि न बसलेले कौल म्हणजे पैसे देऊन आणलेली गळती. जुने कारखाने बरेचसे बंद पडले आहेत. त्यामुळे आसपास एखादे कौलारू घर उतरवले जात असेल तर त्यातली आपल्या साच्याची पन्नास-साठ कौले आणून पडवीच्या कोपऱ्यात रचून ठेवणे हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

सगळ्यात जास्त नुकसान मी सिमेंटने झालेले पाहिले आहे. आढ्यावरचे कोने, म्हणजे छपराच्या माथ्यावरची टोपीसारखी कौले, सोडले तर कौलारू छपरात सिमेंटचे काम नाही. तडा गेला, लाव सिमेंट; दोन कौलांत फट दिसली, भर सिमेंट; असे केले की उन्हाने कौल आणि सिमेंट वेगवेगळे ताणले जाऊन तिथेच नवी चीर पडते, आणि पुढच्या वेळी ते एक कौल काढायला जावे तर शेजारची दोन फुटतात. कौलाखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरणेही तसेच. तो वळचणीच्या बाहेरपर्यंत उतार देऊन नेला तर ठीक. नाहीतर त्यात पाण्याचे फुगे साचतात, लाकडाला वारा लागत नाही आणि उंदरांची सोय होते.

छपरावर चढणारे डिशवाले आणि रंगारी यांच्याविषयी एवढेच सांगतो, की त्यांना आडवी फळी किंवा शिडी टाकल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये. पाय ठेवायचाच असेल तर खाली रीप असते तिथे, म्हणजे कौलावर कौल चढते त्या जागी. आम्ही हे न सांगितल्यामुळे एका डिशच्या जोडणीत अकरा कौले गेली.

पडवी वाढवतानाची चूक मात्र गवंड्याची नसून आपली असते. पुढे जागा हवी आणि उंचीही हवी, म्हणून आपण उतार कमी करायला सांगतो. कमी उतारावर पाणी रेंगाळते, आणि पश्चिमेकडून झड आली की वारा ते उलटे वर ढकलून कौलाच्या सांध्यातून आत घालतो. अशा पडवीवर कौलांचा हट्ट न धरता पत्रा घालावा, हे मी कौलांचा प्रेमी असूनही म्हणतो.

माकडांना कंटाळून सगळेच घर पत्र्याचे करणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. पण 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि दापोली-मंडणगड भागात उडालेले पत्रे आठवावेत. कौल उडाले तर एक जागा उघडी पडते, पत्रा उडाला तर खोली. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारावेत, खळग्यात नव्हे, आणि त्याखालचे रबरी वायसर उन्हाने कडक झाले आहेत का, हे दर दोन-तीन वर्षांनी बघावे.

वासे भिंतीवर टेकतात त्या जागा पेचकसाने टोचून बघायला मी विसरायचो. वाळवी तिथूनच चढते. गेल्या खेपेस एक वासा आतून पोकळ निघाला. नव्या वाशाला चढवण्यापूर्वी काजूच्या टरफलांचे तेल दोनदा लावून घेतले. यंदाच्या गणपतीत माळ्यावर खडूच्या तीन फुल्या पडल्या आहेत, दोन पडवीच्या सांध्याला आणि एक देवघराच्या वर, आणि गड्याला दिवाळीनंतरच्या आठवड्याचा निरोप दिला आहे.