दागिन्यांजवळ कुणीतरी बसायला हवं

आज भाच्याचा साखरपुडा होता. फोटोग्राफर ओरडत होता, "मुलीकडचे सगळे स्टेजवर या!" आणि माझ्या शेजारच्या बाईंनी स्वतःच्या बावीस वर्षांच्या मुलाला हळूच सांगितलं, "तू जरा गाड्यांपाशी थांब हं, कुणीतरी हवं तिथे." मुलाला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत, सगळ्यांना माहीत आहे. तो निमूट गेला. मला पुढे जेवण गेलं नाही.

कारण हे वाक्य मी ऐकलंय. १९९३, कराड, मोठ्या ताईचं लग्न. आमच्या आत्याला स्किझोफ्रेनिया होता. हा शब्द घरात कुणी कधी उच्चारला नाही, "तिचं जरा असं आहे" एवढंच. आणि प्रत्येक लग्नात ग्रुप फोटोची हाक आली की कुणीतरी म्हणायचंच, "दागिन्यांजवळ कुणीतरी बसायला हवं." की आत्या खोलीत. म्हणजे बघा, फोटोत उभी राहण्याइतकी शहाणी नाही, पण चाळीस तोळे सोनं तिच्या भरवशावर! आमच्या अल्बमांमध्ये ती कुठेच नाही. एका कार्यात नाही.

घरी आल्या आल्या साडीही न बदलता सोहराब हुरा या फोटोग्राफरची पुस्तकं काढून बसले. १९९९ मध्ये त्याच्या आईला पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, तेव्हा हा १७ वर्षांचा. पुढे त्यानं आईचे आणि घराचे फोटो काढले. २०१५ चं 'लाइफ इज एल्सव्हेअर' काळंपांढरं, खरखरीत. बघताना घसा आवळतो. २०१८ चं 'लुक, इट्स गेटिंग सनी आउटसाइड' रंगीत. तीच आई, तिची एल्सा नावाची कुत्री, आणि घरात आलेलं ऊन. आजार कुठे पळून गेलेला नाही. पण ती तिथे आहे हो! अख्खी, चेहऱ्यासकट.

आणि आपण? १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, व्हॉट्सअ‍ॅपवर काय फिरतं? अंधारात गुडघ्यात डोकं घालून बसलेली बाई, केस तोंडावर. चेहरा का नसतो तिला? कारण चेहरा असला की ती कुणाची तरी आत्या निघते. मग "त्यांच्यात आहे म्हणे" सुरू, आणि धाकटीची स्थळं परत फिरतात.

मागे याच पुस्तकांबद्दल लिहिलं तेव्हा इथल्याच एका सद्गृहस्थांनी विचारलं होतं, "आजारी माणसाचे फोटो काढून कला करणं बरं दिसतं का?" दिसत नसेल. कॅमेऱ्यानं पापं केलीत, मान्य. १८५० च्या दशकात ह्यू डायमंड नावाचा इंग्रज डॉक्टर वेड्यांच्या इस्पितळातल्या बायकांचे फोटो काढायचा, का, तर चेहऱ्यावरून वेड ओळखता यावं म्हणून! आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही आहे, उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायचा नाही. बरोबरच आहे. पण संमती विचारायला आधी त्या माणसासमोर जाऊन उभं राहावं लागतं. खोलीत बसवून ठेवलेल्याला कोण विचारतंय?

आता माझं सांगते. उगाच दुसऱ्यांवर चिडण्यात अर्थ नाही.

त्या लग्नात मी सोळा वर्षांची, गळ्यात मामाचा हॉटशॉट कॅमेरा. पिना आणायला खोलीत गेले तर आत्यानं मोहनमाळ, तोडे, नथ सगळं अंगावर घातलेलं. आरशासमोर उभी. इतकी सुंदर दिसत होती! म्हणाली, "माझा काढतेस एक?" रोलमध्ये तीन फोटो शिल्लक होते. मी म्हटलं, "रोल संपला गं."

"असू दे," म्हणाली. एकेक दागिना उतरवून, मोजून डब्यात ठेवला.

आईवर राग धरावा तर तिच्यापुढे माझं लग्न होतं, हे आता कळतं. थोडंसं कळतं. पण त्या तीन फोटोंचं मी काय केलं माहितीये? कार्यालयाच्या दारातल्या रांगोळीचे काढले.

आज निघताना गाड्यांपाशी गेले. तो मुलगा उन्हात उभा होता. मोबाइल काढून विचारलं, "तुझा एक फोटो काढू का रे?"

"नको काकू, आज नको."

बरं म्हटलं, मोबाइल पर्समध्ये टाकला आणि थांबले त्याच्याबरोबर. एका पांढऱ्या गाडीची मागची काच उघडी राहिली होती. "कुणाची आहे बघता का," म्हणाला, "मी मघापासून इथून हललो नाहीये."