किती जमेल, ते आकड्यात सांगा

तिशीतल्या कुणाला आमवात झाला म्हटलं की नाशिकला पहिला प्रश्न येतो, 'या वयात?' संधिवात म्हणजे आजीचे गुडघे, एवढंच डोक्यात असतं. आमवातात प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सकाळी तासभर, कधी जास्तच, बोटं वळत नाहीत. दुपारी तीच व्यक्ती कॉलेज रोडला दिसली, की 'नाटकं' हा शब्द येतो. तो फार लागतो.

इंग्लंडमधून हे ऐकताना इथला 2010 चा समानता कायदा आठवतो. अपंगत्व ठरवताना रोजच्या कामांत मोठी अडचण येते का, ती 12 महिने टिकेल का, हे तो बघतो. त्रास मधे ओसरून पुन्हा उलटणार असेल, तर तोही धरतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'सोयी केल्या तर काम जमेल' असाही पर्याय असतो, म्हणजे वेळा बदला, हळूहळू रुजू करून घ्या. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाच्या 21 प्रकारांची यादी आहे. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस त्यात आहेत, आमवाताचं वेगळं नाव नाही. घरीही तसंच होतं. नाव ओळखीचं नसलं की दुखणं खरं वाटत नाही.

मला वाटतं, त्या चिठ्ठीची भाषा घरात आणावी. सप्तशृंगी गडावर जायचं ठरलं तर 'बघते, जमलं तर' म्हणू नये. ऐकणारा त्याचा अर्थ 'हो' असाच घेतो आणि ऐनवेळी नाही म्हटलं की रुसतो. 'दहानंतर निघू, वर ट्रॉलीने जाऊ, रांगेत वीस मिनिटंच उभी राहीन, दुसऱ्या दिवशी झोपून असेन' असं आदल्या आठवड्यातच सांगावं. शेवटचा भाग गाळू नये. तो गाळला की 'परवा तर चांगली फिरलीस' हे ऐकावं लागतं. मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं औषध आठवड्यातून एकदाच घेतात आणि पुढचा दिवस अनेकांना मळमळीत, थकव्यात जातो. गोळी शनिवारी असेल तर रविवारच्या मिसळीला नाही म्हणावं, कारणासकट.

इंग्लंडमध्ये कागद चोख मिळतो, पण ओले कपडे पिळायला शेजारचं कुणी येत नाही. नाशिकला माणसं येतात, फक्त काय करायचं ते त्यांना माहीत नसतं. 'काही लागलं तर सांग' म्हणणाऱ्या काकूंना खरंच सांगावं, 'सकाळी सातला कणीक मळून द्याल का? नऊनंतर बोटं सुटली की पोळ्या मी लाटेन.'